वस्तीतील कोंबडी आणि शेजारधर्म



खेड्यात परसात चार कोंबड्या बाळगणे ही सहज गोष्ट आहे. इंदूरसारख्या नगरात, जेथे भिंतीला भिंत लागून घरे उभी आहेत, तेथे तीच गोष्ट शेजारधर्माची कसोटी ठरते. एका घरची मिळकत दुसऱ्या घरची झोपमोड होऊ नये, एवढ्यापुरते आज बोलावयाचे आहे.

प्रथम कोंबड्याचा विचार करू. अंड्यांसाठी नर लागतोच, हा समज चुकीचा आहे. मादी नराविनाही अंडी देते. पिले हवी असतील तरच नराची आवश्यकता असते. कोंबडा केवळ उजेड पाहून आरवतो असेही नाही. त्याच्या शरीरातच काळाचे भान असते, हे जपानमधील नागोया येथील संशोधकांनी २०१३ साली दाखविले. त्यामुळे खुराड्यावर पोते टाकून बांग थांबत नाही. ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. म्हणून दाट वस्तीत केवळ माद्या पाळणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. शेजाऱ्याची तक्रार वैर समजू नये.

दुसरा प्रश्न आरोग्याचा. डिसेंबर २०२० च्या अखेरीस इंदुरात डेली कॉलेजच्या परिसरात कावळे मेलेले आढळले आणि तपासणीत बर्ड फ्लूचे निदान झाले. पाळीव पक्ष्यांत अशी लागण सिद्ध झाल्यास एक किलोमीटर परिसरातील पक्षी नष्ट करण्याची तरतूद शासनाच्या कृती आराखड्यात आहे. एका घरची हयगय अनेक घरांचे खुराडे रिकामे करू शकते. यास्तव दाणापाणी उघड्यावर ठेवू नये, मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये आणि पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे. मानमोडी रोगाची लस पहिल्या आठवड्यात व पुन्हा सहाव्या ते आठव्या आठवड्यात देऊन घ्यावी.

दुर्गंधी ओलाव्यातून उत्पन्न होते. खुराड्यात भाताच्या तुसाचा थर घालावा, तो वरचेवर हलवून कोरडा ठेवावा आणि ओला झालेला भाग काढून खतासाठी कुजवावा. स्वच्छतेत नाव मिळविलेल्या नगरात विष्ठा गटारात लोटणे शोभणारे नाही.

या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. झाबुआ जिल्ह्यातील कडकनाथ कोंबडीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आदिवासी कुटुंबांनी परसात जतन केलेले ते धन होय. नगरातही कष्टकरी स्त्रीच्या हाती अंड्यांचे चार पैसे येतात, तिच्या मुलांच्या ताटात सकस अन्न पडते. सरसकट मनाईने तिचा आधार तुटेल. सरसकट मोकळीक दिल्यास शेजाऱ्यांचा विश्वास तुटेल.

म्हणून पाळणाऱ्याने आधी पालिकेचा नियम विचारावा व शेजाऱ्याची संमती घ्यावी. अधिकाऱ्यांनी दंडापूर्वी समज द्यावी. शिक्षकांनी मुलांना लसीचे व स्वच्छतेचे महत्त्व पटवून द्यावे. इतके घडले, तर कोंबडी वस्तीला भार होणार नाही.