गाडीची किल्ली आणि विम्याचा कागद



न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली. तेव्हापासून या व्यासपीठावर इतिहास, अर्थकारण, समाजसुधारणा, संतवाङ्मय असे भारदस्त विषय होत आले. त्यात आपला तालुका तर माधानच्या प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांचा. अशा ठिकाणी मी मोटारीच्या विम्यावर बोलायला उभा आहे, हे धाडसच म्हटले पाहिजे. मी विषय कळवला तेव्हा व्याख्यानमालेच्या चालकांपैकी एक गृहस्थ हसले. पण हसू ओसरताच त्यांनी मला बाजूला घेतले आणि हळूच विचारले, "वकीलसाहेब, आमचं पोट्टं औंदा गाडी शिकून राह्यलं. त्याच्यासाठी एखांदा सस्ता विमा असते काय?"

या एका प्रश्नाने माझ्या व्याख्यानाची मांडणी करून दिली. मोटार-अपघातांच्या नुकसानभरपाईचे दावे चालवण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्या अनुभवावरून सांगतो, हा प्रश्न आज गावातल्या शेकडो घरांत आहे. संत्र्याचे चार पैसे हाती आले की दाराशी गाडी येते, आणि गाडी आली की बारावीतला मुलगा किल्लीभोवती घिरट्या घालू लागतो. मुलीही यात मागे नाहीत, आणि ही आनंदाचीच गोष्ट आहे.

आधी विमा म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. गाडीच्या विम्याचे दोन भाग असतात. आपल्या गाडीमुळे दुसऱ्या माणसाला इजा झाली, तो दगावला किंवा त्याच्या मालमत्तेची हानी झाली, तर त्याची भरपाई देणारा तो पहिला भाग. याला तृतीय पक्षाचा विमा म्हणतात, आणि तो सक्तीचा आहे. 1939 च्या मोटार कायद्यातले सक्तीच्या विम्याचे प्रकरण 1 जुलै 1946 पासून अमलात आले. पुढे 1988 च्या कायद्याने ते अधिक व्यापक केले. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो घ्यावा की न घ्यावा, ही ज्याची त्याची मर्जी.

सक्तीच्या भागाचे दर सरकार ठरवते. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे 1000 घन सेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या खासगी मोटारीला वर्षाला 2,094 रुपये, त्यापुढे 1500 पर्यंत 3,416 रुपये आणि त्याहून मोठ्या इंजिनाला 7,897 रुपये असा आकार पडला. कर वेगळा. मधल्या गाडीचा हिशेब केला तर दिवसाला साडेनऊ रुपयेही होत नाहीत. आणि या पैशांत कंपनी काय पत्करते? परक्या माणसाच्या मृत्यूची वा इजेची, न्यायाधिकरण ठरवील तेवढी सगळी भरपाई. तिला वरची मर्यादा नाही. मालमत्तेच्या हानीला मात्र खासगी मोटारीसाठी साडेसात लाखांची मर्यादा आहे.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. या दरांत इंजिनाचे आकारमान आहे; चालवणाऱ्याचे वय कोठेही नाही. परदेशात तसे नाही. आपल्यापैकी कुणाचे भाऊबंद अमेरिकेत न्यू जर्सीला असतील, तर त्यांना विचारा. तेथे सोळाव्या वर्षी शिकाऊ परवाना मिळू शकतो; पण घरातला कोवळा मुलगा गाडी चालवू लागला की घरच्या विम्याचा हप्ता एकदम चढतो. इंग्लंडात तर तरुण चालकांच्या गाडीत एक छोटे यंत्र बसवतात. मुलगा किती वेगाने जातो, ब्रेक किती जोरात दाबतो, हे ते कंपनीला कळवते, आणि त्यावर हप्ता ठरतो. म्हणून तिकडचे आईबाप स्वस्त विमा शोधत फिरतात. आपल्याकडे विमा गाडीचा असतो, आणि घरातील परवानाधारक कोणीही ती चालवली तरी तो लागू राहतो.

मग शिकाऊ मुलाचे काय? त्यासाठीही वेगळा विमा घ्यावा लागत नाही. घरी गेल्यावर आपल्या विम्याचा कागद काढा आणि त्यातले चालकासंबंधीचे कलम वाचा. शिकाऊ परवाना असलेला माणूसही ही गाडी चालवू शकतो, असे तेथे स्पष्ट छापलेले असते. फक्त त्याने 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील तिसरा नियम पाळला पाहिजे. हा नियम काय म्हणतो? शिकणाऱ्याजवळ चालू मुदतीचा शिकाऊ परवाना हवा. त्याच्या सोबत पक्का परवाना असलेला माणूस हवा, आणि तो गाडी आवरू शकेल, थांबवू शकेल अशा जागी बसलेला हवा. मागच्या आसनावर पान लावत बसलेले काका या नियमात बसत नाहीत! तिसरी अट, गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर तांबडे 'एल' अक्षर. पाटी निदान 18 सेंटिमीटर चौरस, अक्षर निदान 10 सेंटिमीटर उंच. पाटी लावायची मुलांना लाज वाटते. पण मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला ती पाटी सांगत असते, की बाबा, जरा सांभाळून घे.

सर्वोच्च न्यायालयाने 5 जानेवारी 2004 रोजी स्वर्णसिंग प्रकरणात हा मुद्दा निकालात काढला. शिकाऊ परवाना हाही परवानाच आहे, आणि तो असलेल्या माणसाच्या हातून अपघात झाला तर परक्याची भरपाई विमा कंपनीने दिली पाहिजे, असे तीन न्यायमूर्तींनी सांगितले. म्हणजे आमच्या चालकमित्रांच्या प्रश्नाचे उत्तर असे: सस्ता विमा तुमच्या कपाटात पडलेला आहे. तो जिवंत ठेवायचा असेल तर मुलाचा शिकाऊ परवाना काढा, पाटी लावा आणि त्याच्या शेजारी बसा. शिकाऊ परवान्याची मुदत सहा महिने असते, आणि तो काढून तीस दिवस झाल्यावर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. ही घाई करण्यासारखी गोष्ट नव्हे. सहाही महिने शेजारी बसलात तरी बिघडणार नाही.

पण खरी गोम पुढेच आहे. मोटारीसाठी परवान्याचे वय अठरा. शिकाऊ परवान्यालाही अठराच. सोळाव्या वर्षी जो परवाना मिळतो तो 50 घन सेंटिमीटरपर्यंतच्या, गिअर नसलेल्या दुचाकीचा, आणि तोही पालकांच्या संमतीने. आपल्या दारातल्या स्कूटी पाहा. त्या सर्रास 110 किंवा 125 च्या असतात. म्हणजे शिकवणीला स्कूटीवर जाणारा सोळा वर्षांचा मुलगा कायद्याच्या दृष्टीने विनापरवानाच जातो. आणि त्या क्षणी बापाचा तो विम्याचा कागद डळमळू लागतो.

किती डळमळतो, ते दोन निकालांवरून दिसेल. 2008 साली सर्वोच्च न्यायालयासमोर पंधरा वर्षांच्या मुलाने चालवलेल्या मोटारीचे प्रकरण आले. न्यायालयाने विमा कंपनीला मोकळे केले. 2011 साली दिल्लीचे प्रकरण आले. अल्पवयीन पुतण्याने घरातून मोटारसायकलची किल्ली उचलली आणि त्याच्या हातून अपघात झाला. मालक म्हणाला, मला न विचारता नेली. न्यायालय म्हणाले, अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी लागू न देणे ही तुझीच जबाबदारी होती. कंपनीने आधी भरपाई द्यायची आणि मग ती मालकाकडून वसूल करायची, हा हुकूम कायम झाला. एका निकालात कंपनी सुटली, दुसऱ्यात तिने आधी पैसे भरले. पण दोन्हीकडे अखेरचा भार मालकाच्या घरावरच आला. अशी वसुली लाखांत असते आणि शेतावर येते.

1 सप्टेंबर 2019 पासून कायदा आणखी कडक झाला. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. त्या मुलाला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली, म्हणून देशभर संताप उसळला. तो योग्यच होता. पण त्या संतापात आपण एक गोष्ट विसरलो. निबंध लिहिण्याची पाळी खरे म्हणजे किल्ली देणाऱ्या प्रत्येक घराची आहे.

त्या घरांत माझेही घर होते, हे आज कबूल करतो. माझा मुलगा सतरा वर्षांचा असताना मी त्याला स्कूटरची किल्ली देत असे. कायदा मला पाठ होता. तरी "कोपऱ्यावरच तर जायचे आहे" या वाक्यापुढे माझा कायदा हरला. एके सायंकाळी संत्र्याच्या बागेतून कामावरून परतणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंना त्याचा धक्का लागला आणि त्यांच्या मांडीचे हाड मोडले. विम्याचा हप्ता वेळेवर भरलेला होता, कागद घरात होता. पण मी कंपनीकडे गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाणार? दवाखान्याचा खर्च मी केला, त्यांच्या बुडालेल्या मजुरीचे पैसे दिले. पैशांचे मला फारसे काही वाटले नाही. पण त्या बाई पुन्हा कधी बागेत कामाला जाऊ शकल्या नाहीत. मुलाला त्या म्हणाल्या, "लेकरा, तुले लागलं तं नाही?" हा प्रश्न आमच्या घरात अजून कोणी विसरलेले नाही.

आता काटकसरीकडे वळू, कारण प्रश्न सस्त्या विम्याचा होता. दुसऱ्या भागाचा, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता, दावा न केल्यास कमी होत जातो. पहिल्या निर्दोष वर्षानंतर 20 टक्के सूट, मग 25, 35, 45 आणि पाचव्या वर्षानंतर 50 टक्के. एक दावा केला की सूट शून्यावर येते. उदाहरणादाखल या भागाचा मूळ हप्ता 8,000 रुपये धरा. पन्नास टक्के सूट असलेला गृहस्थ 4,000 भरतो. मुलाने फाटकाच्या खांबाला गाडी घासली, दुरुस्ती 5,000 ची. बहुतेक लहान गाड्यांना पहिले 1,000 आपणच सोसायचे असतात. म्हणजे कंपनीकडून मिळाले 4,000. पुढच्या पाच वर्षांत हप्ता 8,000, 6,400, 6,000, 5,200 आणि 4,400 असा चढून मग उतरत जाईल. दरवर्षीच्या 4,000 शी तुलना केली तर जादा गेले दहा हजार. चार हजारांसाठी दहा हजार! म्हणून शिकाऊ मुलाचे बारीकसारीक ओरखडे खिशातून भरावेत आणि दावा मोठ्या नुकसानीसाठी राखून ठेवावा. पहिले धडे शिकवणी-शाळेच्या गाडीवर दिले, तर खांबाला घासणारी गाडी निदान आपली नसते.

मुलाला शिकायला म्हणून जुनी गाडी घेणारेही पुष्कळ आहेत. त्यांनी गाडी नावावर होताच चौदा दिवसांच्या आत विमाही आपल्या नावावर करण्यासाठी कंपनीकडे अर्ज करावा. आधीच्या मालकाची सूट गाडीबरोबर येत नाही. ती त्याची त्याच्यापाशी राहते. नव्या गाडीबाबतही एक गैरसमज असतो. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्षाचा विमा एकदम घ्यावा लागतो. पण गाडीच्या नुकसानीचा भाग पुष्कळदा एकाच वर्षाचा असतो. कागदावरच्या दोन्ही तारखा वाचा.

आणि शेवटची गोष्ट, जी आईबापांना सहसा कोणी सांगत नाही. हा सक्तीचा विमा परक्यासाठी आहे. गाडी चालवणारा आपला मुलगा परका ठरत नाही. बापाची गाडी चालवताना त्याच्याच चुकीने त्याला इजा झाली, तर या भागातून त्याला भरपाई मिळेल अशी आशा धरू नये. सक्तीचा पंधरा लाखांचा व्यक्तिगत अपघात विमाही ज्याच्या नावावर गाडी आहे, त्या मालकाचाच. नुसता सक्तीचा विमा असेल तर गाडीत बसलेल्या घरच्या मंडळींनाही त्याचा आधार नसतो. म्हणून थोडा जास्त हप्ता भरून प्रवाशांचा आणि मुलाचा अपघात विमा अवश्य घ्यावा. काटकसर करायचीच असेल तर गाडीच्या शोभेच्या सामानात करावी.

बंधुभगिनींनो, विमा मोडलेल्या गाडीचे पैसे देईल, परक्याच्या घराला आधार देईल. त्या म्हाताऱ्या बाईंचा पाय तो पूर्ववत करू शकला नसता. म्हणून मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत किल्ली आपल्या खिशात ठेवा. अठरा झाला की परवाना काढून द्या, पाटी लावा आणि त्याच्या शेजारी बसा. तो चिडेल, तुम्हीही चिडाल. पण तेवढे सहा महिने आपले काम टाकून त्याच्या डाव्या हाताला बसण्याइतका स्वस्त विमा मला तरी माहीत नाही.