अहवाल निर्दोष, मूल मात्र आजारी
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील निवेदन)



मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि जूनपासून शिक्षण मोबाईलच्या पडद्यावर आले. त्या वर्षी आमच्या बाह्यरुग्ण विभागात शाळकरी मुले वारंवार येऊ लागली. पोटदुखी, डोकेदुखी, निद्रानाश; तपासण्यांचे अहवाल मात्र निर्दोष. सेनगाव तालुक्यातील दहावीची एक मुलगी तीनदा आली. तिसऱ्या खेपेस डॉक्टरांनी वडिलांना बाहेर बसविले, तेव्हा उलगडा झाला. घरात फोन एकच, आणि तो दिवसभर वडिलांसोबत हळदीच्या शेतात. हाती येईपर्यंत तास संपलेला. अडलेले विचारावे तर रेंज नाही. आपल्याला काहीच येत नाही, अशी तिची खात्री झाली होती. चाचणीच्या आदल्या रात्री पोट दुखू लागे.

मानसशास्त्रज्ञ राइनहार्ड पेक्रुन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, अभ्यास आपल्या आवाक्यात आहे का आणि तो मोलाचा वाटतो का, यावर विद्यार्थ्याची भावना ठरते. मोल आहे पण आवाक्यात नाही, तर भीती. मोलच वाटेनासे झाले, तर कंटाळा. भीतीने व्यापलेल्या मनात धड्याला जागा उरत नाही. गुण घसरतात आणि भीती वाढते. चक्रवाढ व्याजच म्हणा ना! वर्गात शिक्षकांना मुलाचा चेहरा दिसतो, बंद कॅमेऱ्याआड तो दिसत नाही.

आम्ही वाणिज्य शाखेचे, आकड्यांवर चटकन विश्वास ठेवणारे. २०२१ ची दहावीची परीक्षा रद्द होऊन अंतर्गत मूल्यमापनाने राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला, तेव्हा कार्यालयात आम्हीही पेढे वाटले. ती मुलगीही उत्तीर्ण झाली. अकरावीच्या पहिल्या लेखी परीक्षेआधी मात्र पुन्हा पोट धरून आमच्या दारी आली. त्या पेढ्यांची आम्हास आजही लाज वाटते.

आता शाळा भरतात. तरी 'नीट'सारख्या परीक्षांसाठी कितीतरी मुले रात्री एकटीच मोबाईलवर व्याख्याने पाहत बसतात. पालकांना विनंती, की गुण विचारण्याआधी आज काय अडले, हे विचारावे. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा शासकीय क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून विनामूल्य उपलब्ध आहे. आम्ही तो केसपेपरच्या मागे छापला आहे.

आठवड्यातून एकदा येणाऱ्या समुपदेशकांचे मानधन गतवर्षी छपाईखर्चातील बचतीतून भागविले. यंदा त्यासाठी स्वतंत्र खाते उघडले आहे. त्यात अद्याप काहीही जमा नाही.