मुलाचें दूध कसें सोडवावें?



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांना नवल वाटलें असेल. मुलाला अंगावर पाजणें व पुढें तें दूध सोडविणें हा बायकांच्या राज्यांतला प्रश्न. त्यांत दर्यापूरच्या एका सेवानिवृत्त शाळामास्तरानें तोंड कां घालावें? माझें उत्तर असें आहे कीं, हा विषय बायकांचा म्हणून पुरुष त्यांतून मोकळे झाले, आणि त्यामुळेंच त्यांत पुष्कळ अनर्थ होतात. मूल आईच्या अंगावर पितें खरें. पण त्याचें दूध केव्हां सुटावें हें पुष्कळदां आई ठरवीत नाहीं. तें सासूबाई ठरवितात, शेजारीण ठरविते, शेतांत फुटलेला कापूस ठरवितो आणि शहरांत कचेरीची संपत आलेली रजा ठरविते. मी वैद्य नाहीं. परंतु वैद्यांनीं व डॉक्टरांनीं एकमतानें जें सांगितलें आहे, तें चार घरांत पोंचविणें हें मास्तराचें काम आहे असें मी समजतों.

आपल्या भाषेंत या क्रियेला दोन शब्द आहेत: 'दूध तोडणें' आणि 'दूध सोडविणें'. तोडण्याचें काम एका घावाचें असतें. सोडविणें म्हणजे गांठ सोडविण्यासारखें. त्याला बोटें लागतात, वेळ लागतो, आणि गांठ सुटल्यावर दोरा शाबूत राहतो. माझें सारें सांगणें या दोन शब्दांमधल्या अंतरांत आहे.

प्रथम, दूध किती दिवस पाजावें तें पाहूं. जागतिक आरोग्य संघटनेचें सांगणें असें कीं, पहिले ६ महिने केवळ आईचें दूध द्यावें, वरचें पाणीसुद्धां देऊं नये. ६ महिने पुरे होतांच वरचें अन्न सुरू करावें. आणि त्या अन्नाबरोबर २ वर्षेंपर्यंत, व आई-मुलाची इच्छा असल्यास त्यापुढेंही, अंगावर पाजावें. हें कांहीं परदेशी खूळ नव्हे. सहाव्या महिन्यांत मुलाला हलकें व हितकर अन्न चाटवावें असें सुश्रुतानें सांगितलें आहे, आणि आपली उष्टावणही त्याच सुमारास होते. वाग्भटानें तर दांत आलेल्या मुलाला क्रमाक्रमानें स्तनापासून दूर करावें, व त्याच्या जागीं दूध आणि हलकें पण पुष्टि देणारें अन्न योजावें, असें अष्टांगहृदयांत स्पष्ट लिहिलें आहे. त्यांतला 'क्रमाक्रमानें' हा शब्द आपण विसरलों.

या बाबतींत दोन गैरसमज फार रुजलेले आहेत. पहिला असा कीं, वर्षानंतर अंगावरच्या दुधांत कांहीं सत्त्व राहत नाहीं. हें खरें नाहीं. ६ ते १२ महिन्यांच्या मुलाला लागणाऱ्या शक्तीपैकीं निम्मी किंवा अधिक, आणि दुसऱ्या वर्षीं सुमारें एक तृतीयांश, आईच्या दुधांतून मिळूं शकते. शिवाय मूल तापानें किंवा हगवणीनें बेजार होऊन अन्नाकडे पाठ फिरवितें, तेव्हां हेंच दूध त्याला तारतें. दुसरा गैरसमज याच्या उलट आहे. मूल अंगावर पितें आहे, मग खाण्याची घाई कशाला, असें म्हणून दीड दीड वर्ष त्याला घांस दाखवीत नाहींत. जन्मतांना शरीरांत असलेला लोहाचा सांठा ६ महिन्यांच्या सुमारास सरत येतो. पुढें केवळ दुधावर ठेवलेलें मूल वरून गुबगुबीत दिसलें तरी आंतून पांढरें पडूं लागतें. म्हणून दूध आणि अन्न यांचा कांहीं काळ जोडीनें संसार झाला पाहिजे.

आतां आमच्या वऱ्हाडाकडे वळूं. दर्यापूर तालुका पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाण पट्ट्यांत मोडतो. विहिरींचें पाणी खारें, जमीन काळी, आणि पीक कापसाचें, तुरीचें, मुगाचें व हरभऱ्याचें. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस फुटला कीं वेचणी लागते. वेचणी बहुतेक बायकांच्या हातची, आणि मजुरी वजनावर. धुऱ्यावरच्या झाडाला झोळी बांधून बाई ओळींत शिरते. झोळींतलें मूल रडलें कीं हात थांबतो, हात थांबला कीं वजन घटतें. मग आदल्या रात्रींच निश्चय होतो कीं, उद्यांपासून दूध बंद. मूल घरीं राहतें, तें सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. आणि त्याच्या हातांत चहांत बुडविलेलें बिस्कीट येतें. मीं आयुष्यभर हजेरीपट भरला आहे. दिवाळीनंतर मुलींच्या नांवांपुढें गैरहजेरीच्या खुणा वाढूं लागल्या, म्हणजे गांवांत कितींचीं दुधें तुटलीं याचा अंदाज मला येत असे. एका घावांत दोघांचें नुकसान होई: धाकट्याचें दूध जाई आणि थोरलीचें पुस्तक.

शहरांतल्या सुशिक्षित घरांनीं यावर हंसूं नये. त्यांच्या घरीं कापूस नाहीं, पण घाव तोच असतो. कोणी स्तनाला काळा बोळ लावतें, कोणी कडुनिंबाचा पाला, कोणी तर मिरची. कोणी बागुलबुवाचें भय घालतें. आणि सर्वांत प्रतिष्ठित समजला जाणारा उपाय म्हणजे मुलाला आठ दिवस आजोळीं किंवा मावशीकडे धाडून देणें. हा उपाय मला सर्वांत कठोर वाटतो. त्या मुलाच्या बाजूनें क्षणभर विचार करा. ज्या दिवशीं दूध गेलें, त्याच दिवशीं आईही गेली. एकाच वेळीं दोन्ही आधार काढून घेतल्यावर तें आठवड्यानें मुकाट्यानें दूध विसरलें, तर त्याला आपण शहाणपण म्हणतों. आणि इकडे आईची काय दशा होते? दूध दाटतें, स्तन दगडासारखे कठीण होतात, ठणका लागतो, ताप भरतो, आणि कधीं कधीं गळूं होऊन तें फोडण्याची पाळी येते.

एकाएकीं दूध तुटलें आणि त्या जागीं पुरेसें अन्न आलें नाहीं, तर परिणाम किती भयंकर होतो, याचें एक उदाहरण सांगतों. सिसिली विल्यम्स नांवाच्या एका स्त्री-डॉक्टर आफ्रिकेंतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, या प्रांतांत काम करीत होत्या. पाय सुजलेलीं, कातडी सोलवटलेलीं व केस तांबूस झालेलीं मुलें त्यांना आढळलीं. तीं बहुधा अंगावरून तुटून मक्याच्या पेजेवर पडलेलीं होतीं. त्यांनीं १९३३ मध्यें या रोगाचें वर्णन केलें, आणि १९३५ मध्यें 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत त्याचें स्थानिक नांवच जगापुढें ठेविलें: क्वाशिओरकोर. नवें बाळ आल्यावर आईपासून दूर झालेल्या थोरल्या मुलास जडणारा आजार, असा त्या नांवाचा अर्थ. तेथील अशिक्षित आयांनीं रोगाचें कारण त्याच्या नांवांतच सांगून ठेविलें होतें! आणि आपल्याला आफ्रिकेपर्यंत जावयास नको. १९९३ सालीं आमच्याच अमरावती जिल्ह्यांतील मेळघाटांत झालेल्या बालमृत्यूंच्या वार्तांनीं सारा महाराष्ट्र हादरला. त्याचीं कारणें अनेक होतीं. परंतु दूध आणि घांस यांमधली ही पोकळी मुलाच्या वाट्याला आली म्हणजे पुढचीं सारीं दुखणीं बळावतात, हें कोणीही डॉक्टर सांगेल.

मग दूध सोडवावें कसें? पहिली गोष्ट मुहूर्ताची. मूल आजारी असतांना, हगवणीची सांथ असतांना, घर बदलतांना, किंवा धाकटें भावंड घरांत आलेल्या आठवड्यांत हें काम काढूं नये. वेचणीला किंवा नोकरीला जावयाचें असेल, तर त्याच्या महिना दोन महिने आधीं आरंभ करावा. दुसरी गोष्ट क्रमाची. दिवसभरांत ज्या वेळच्या दुधाची मुलाला फारशी ओढ नसते, बहुधा दुपारचें, तें प्रथम कमी करावें. पांच सात दिवस तसेंच जाऊं द्यावें. मुलाला तें मानवलें व आईचें दूध त्या मानानें आटलें, म्हणजे दुसरी वेळ कमी करावी. पहाटेचें व झोंपतांनाचें दूध शेवटीं सोडवावें, कारण तें मुलाला भुकेपेक्षां मायेसाठीं हवें असतें. आरंभीं एक साधा नियम पाळावा: आपण होऊन पुढें करूं नये, आणि मुलानें मागितलें तर झिडकारूं नये. दीड दोन वर्षांच्या मुलाला बोललेलें समजतें. 'दुदू आतां झोंपतांना,' एवढें आईनें रोज त्याच शब्दांत सांगितलें, तर थोडी कुरकुर करून तें ऐकतें. आईनें छाती आवळून बांधूं नये. फार जड वाटल्यास आराम पडण्यापुरतें थोडें दूध पिळून काढावें, आणि ताप आल्यास डॉक्टरांकडे जावें.

तिसरी गोष्ट अन्नाची. मुलाचें अन्न चमच्यावरून ओघळणार नाहीं इतकें घट्ट असावें. वरणाच्या नुसत्या पाण्यानें पोट फुगतें, अंग भरत नाहीं. ६ ते ८ महिन्यांच्या मुलाला दिवसांतून २-३ वेळां, व ९ महिन्यांपासून २ वर्षेंपर्यंत ३-४ वेळां जेवण द्यावें. मध्यें एक-दोनदां फळ किंवा तसेंच कांहीं हलकें. आमच्या वऱ्हाडांत काय कमी आहे? मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, तुरीच्या घट्ट वरणांत कुस्करलेली ज्वारीची भाकरी, त्यावर चमचाभर तेल किंवा तूप, शिजवून बारीक केलेली पालेभाजी, केळें, चालत असेल त्या घरीं अंडें, आणि हंगामांत संत्र्याचा सोललेला गर. अख्खे दाणे व फुटाणे मात्र देऊं नयेत. ते श्वासनळींत अडकतात. मध वर्षाच्या आंतल्या मुलाला चाटवूं नये, असें आजचें वैद्यक निक्षून सांगतें. वरचें गाईम्हशीचें दूध वर्षानंतर द्यावें, तेंही दिवसाला अर्ध्या लिटरच्या आंत. नाहींतर अन्नाची भूक मरते. आणि तें वाटीचमच्यानें किंवा पेल्यानें द्यावें. बाटलीच्या बुचांत व जुन्या बोंडल्याच्या तोटींत घाण राहते, ती डोळ्यांना दिसत नाहीं. बाटल्या व डब्यांतील शिशुअन्न यांच्या जाहिरातींना आपल्या देशानें १९९२ च्या कायद्यानें बंदी घातली आणि २००३ मध्यें तो कायदा अधिक कडक केला, तो उगाच नव्हे.

चौथी गोष्ट पुरुषांसाठीं. दूध कमी होतें तेव्हां मुलाला मांडी कमी पडतां कामा नये. झोंपविण्याचें काम बापानें किंवा आजोबानें हातीं घ्यावें. दुधाचा वास नसलेल्या कुशींत मूल दूध लवकर विसरतें, आणि त्या कुशीचीही त्याला ओळख होते.

रायगडावरची हिरकणी गवळण आपणां सर्वांना ठाऊक आहे. कोजागिरीच्या दिवशीं गडाचे दरवाजे बंद झाले, तेव्हां तान्ह्या मुलासाठीं ती रात्रीं कडा उतरून गेली, आणि त्या जागीं महाराजांनीं बुरूज बांधविला, अशी आख्यायिका आहे. तिचें नांव आज आपण एस. टी. स्थानकांवरील स्तनपानाच्या खोलीला दिलें आहे, हें फार चांगलें केलें. परंतु आईनें कडा उतरावा आणि आपण नांव द्यावें, एवढ्यावर भागणार नाहीं. दरवाजा उघडा ठेवणें आपल्या हातीं आहे. नोकरदार स्त्रीची प्रसूतीची रजा २०१७ सालीं २६ आठवड्यांची झाली. शेतांतल्या बाईला रजा कोण देणार? २००५ च्या रोजगार हमी कायद्यानें, कामावर ६ वर्षांखालील ५ मुलें असल्यास तीं सांभाळण्यास एक बाई नेमून तिला मजुरी देण्याची तरतूद केली होती. आपणांपैकीं पुष्कळांची गांवाकडे शेती आहे. आपल्या वेचणीवर अशी एक म्हातारी बाई मजुरी देऊन बसवा, सांवलीची सोय करा, आणि लेकुरवाळीला दोनदां पाजावयास जाऊं द्या. त्यांत चार किलो कापूस कमी वेचला जाईल. तो दुसऱ्या दिवशींही झाडावरच असतो. मुलाचें दुसरें वर्ष मात्र थांबत नाहीं.