शरीरातील गळणे
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यानाचा मजकूर)

 

जैन घरातील दिवस पाणी गाळण्याने सुरू होतो. घट्ट विणीचे जाड कापड दुहेरी करून हंड्याच्या तोंडावर बांधावयाचे, पाणी हळूहळू ओतावयाचे आणि कापडावर राहिलेले सूक्ष्म जीव ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत जपून सोडावयाचे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. कापड विरळ झाले की गाळणे व्यर्थ ठरते, हे घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. निसर्गाने अशीच दोन गळणी प्रत्येक मनुष्याच्या पाठीशी, कण्याच्या दोन्ही बाजूंस, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला ठेवली आहेत. त्यांनाच मूत्रपिंडे म्हणतात.

एक मूत्रपिंड सुमारे १० ते १२ सेंटीमीटर लांब आणि वजनाने साधारण १५० ग्रॅम असते. आकार मुठीएवढा, परंतु हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला एक लिटरहून अधिक रक्त, या दोन मुठींकडे जाते. प्रत्येक मूत्रपिंडात अंदाजे १० लाख सूक्ष्म गाळणयंत्रे असतात. त्यांना नेफ्रॉन असे नाव आहे. प्रत्येक नेफ्रॉनच्या आरंभी केशवाहिन्यांचा एक गुच्छ आणि त्याभोवती पेल्यासारखे आवरण असते. इंग्लंडमधील विल्यम बोमन यांनी १८४२ मध्ये या रचनेचे वर्णन केले.

त्या गुच्छाच्या भिंतीला तीन थर आहेत. त्यांचा पोत मलमलीहून कितीतरी पटींनी बारीक. रक्ताच्या दाबाने पाणी, क्षार, साखर व युरिया त्यातून पार होतात. रक्तपेशी आणि मोठी प्रथिने मात्र अलीकडेच राहतात व पुन्हा रक्तप्रवाहात जातात. गळण्यावर जे राहिले ते मूळ प्रवाहात परत सोडावयाचे, ही घरातील रीत शरीरातही अशी पाळली जाते.

येथे खरे नवल सुरू होते. दिवसभरात असा गाळलेला द्रव सुमारे १८० लिटर होतो. प्रौढ माणसाच्या शरीरात रक्तच मुळी पाच लिटरच्या आसपास. हा सारा द्रव बाहेर गेला असता तर अर्ध्या तासातच रक्तातील पाणी संपले असते! म्हणून पुढच्या लांब नलिकेत प्रत्येक वस्तूचा हिशेब होतो. साखर जवळजवळ संपूर्ण परत घेतली जाते. पाणी व मीठ गरजेप्रमाणे जमा होतात. युरियाचा मोठा भाग, जास्तीचे आम्ल आणि पोटॅशियम खर्ची पडतात. १८० लिटरपैकी सुमारे दीड लिटर मूत्ररूपाने बाहेर पडते. याखेरीज रक्तदाबाचे नियमन, रक्तपेशी वाढविणाऱ्या संप्रेरकाची निर्मिती आणि ‘ड’ जीवनसत्त्व कार्यक्षम करणे हीही कामे मूत्रपिंडेच करतात.

हे गळणे फाटते तेव्हा आवाज होत नाही. निम्म्याहून अधिक काम थांबेपर्यंत बहुधा वेदना नाही, लक्षण नाही. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही त्याची प्रमुख कारणे. वैद्यकीय सल्ल्यावाचून दीर्घकाळ घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याही घातक ठरतात. मूत्रातून प्रथिन जाऊ लागणे ही विरळ झालेल्या कापडाची पहिली खूण होय. मूत्रातील प्रथिन आणि रक्तातील क्रिएटिनीन या दोन साध्या तपासण्यांनी ती वेळेवर ओळखता येते.

मूत्रपिंडे निकामी झाली म्हणजे पूर्वी मृत्यू अटळ असे. नेदरलँड्समधील डॉ. विलेम कोल्फ यांनी महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, सेलोफेनची नळी वापरून कृत्रिम मूत्रपिंड चालविले. १९४५ मध्ये त्यामुळे ६७ वर्षांच्या एका स्त्रीचे प्राण वाचले. लोकनायक जयप्रकाश नारायण यांची मूत्रपिंडे १९७५ च्या बंदिवासात निकामी झाली. सुटकेनंतर मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांच्यावर डायलिसिसचे उपचार सुरू झाले. त्या आधारावर ते ८ ऑक्टोबर १९७९ पर्यंत जगले. परंतु डायलिसिस म्हणजे बहुधा आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास. जिते गावातून रेल्वेने वा रस्त्याने दर खेपेस मोठ्या गावी जाणे म्हणजे रुग्णाबरोबर आणखी एकाचा दिवस आणि रोजगार बुडणे. राज्याच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत या उपचारांचा समावेश आहे, ही माहिती गरजू घरापर्यंत पोहोचविणे हीदेखील सेवाच होय.

पेणच्या खाडीकाठाला मिठागरांची परंपरा आहे. मीठ येथे स्वस्त. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाला दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ पुरेसे. पापड, लोणची, फरसाण यांतच ती मर्यादा ओलांडली जाते. आयंबिलाच्या बिनमिठाच्या आहाराने जिभेला मिळणारी शिस्त इतर दिवशी थोडी जरी टिकली, तरी रक्तदाबाला लाभच होईल.

तपाविषयी मात्र स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. निरोगी मूत्रपिंडे पाणी कमी मिळाल्यास मूत्र घट्ट करून शरीर सांभाळतात. रोगी मूत्रपिंडांत ही शक्ती उरत नाही. अशा व्यक्तीने चौविहार उपवास वा अठ्ठाई करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि घरच्यांनी व संघाने त्या व्यक्तीस कमी लेखू नये. शास्त्रांनी तप यथाशक्ती सांगितले आहे. ज्याची शक्ती कमी त्याच्यासाठी सामायिक आहे, स्वाध्याय आहे, रसत्याग आहे. शेजारच्या घरी अठ्ठाईचा वरघोडा निघाला म्हणून आजारी वृद्धाने पाणी सोडणे हे तप नव्हे. आणि त्यास अबोल भिडेने भाग पाडणे ही अहिंसा नव्हे.

शेवटी दानाविषयी. एका निरोगी मूत्रपिंडावर मनुष्य सुखाने जगू शकतो. १९९४ च्या कायद्याने जिवंत नातलगाचे आणि मेंदूमृत व्यक्तीचे अवयवदान या दोन्हींस मार्ग दिला आहे. जिवंत दात्यांमध्ये माता आणि पत्नी पुढे येतात. पुत्र आणि पती मागे का राहतात, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःस विचारावा. परिग्रहाचा त्याग करणाऱ्या समाजाला, अग्नी ज्याची राख करणार त्या देहातून दोघांना जीवन देणे अवघड वाटू नये.

संघाने प्रतिवर्षी चातुर्मासापूर्वी रक्तदाब, साखर व मूत्र यांच्या तपासणीचे एक शिबिर भरवावे, ही सुवर्णमहोत्सवी वर्षातील नम्र सूचना. घरातील गळणे ज्या काळजीने पाहिले जाते, त्याच काळजीने शरीरातील गळणेही पाहिले जावो.

जय जिनेंद्र!