पोस्टकार्डाएवढा कायदा

युद्ध म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रणगाडे येतात, विमानं येतात, छातीवर पदकं लावलेले अधिकारी येतात. माझ्या डोळ्यांपुढे एक कार्ड येतं. पोस्टकार्डाएवढंच. मी फौजेत कारकून होतो. बंदूक चालवायला शिकलो होतो खरा, पण माझं सगळं युद्ध टेबलाशी झालं, आणि तेही लढाई संपल्यावर.

१६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या रेसकोर्सवर जनरल नियाझींनी शरणागतीच्या कागदावर सही केली. तो फोटो आपण सगळ्यांनी पाहिला आहे. कागदावरचा मजकूर मात्र फार थोड्यांनी वाचला असेल. शरण आलेल्यांना जिनिव्हा करारानुसार, सैनिकाला साजेशा सन्मानानं वागवलं जाईल, असा शब्द जनरल अरोरांनी त्यात दिला आहे. शब्द द्यायला एक सही पुरते. तो पाळायचा म्हणजे सुमारे ९३ हजार माणसं, त्यांत सैनिक आले, मुलकी नोकर आले, काहींची बायकामुलंही आली, ही सगळी रेल्वेनं आणायची, त्यांना जागा द्यायची, जेवण आणि औषधपाणी द्यायचं. आणि प्रत्येकाचं नाव लिहायचं.

१९७२च्या सुरुवातीला माझी बदली उत्तरेकडच्या अशाच एका छावणीत झाली. वय बावीस. कैदी पक्क्या बराकीत आणि आमचे काही जवान तंबूत, असा प्रकार होता. करार सांगतो की कैद्यांची राहण्याची सोय त्याच भागातल्या आपल्या सैनिकांइतकी चांगली हवी. आम्ही कुरकुरायचो, इतकी म्हणजे इतकीच ना, जास्त कशाला?

हा जिनिव्हा करार १९४९चा. त्याची इंग्रजी प्रत कचेरीत होती, ती मी रिकाम्या वेळी चाळायचो. कैद्याला बांधून घेणारे प्रश्न चारच. नाव, हुद्दा, जन्मतारीख, सैन्यातला क्रमांक. त्यापुढे तो गप्प बसला तर त्याच्या अंगाला हात लावता येत नाही. साध्या शिपायाला महिन्याला आठ स्विस फ्रँक आगाऊ पगार. हे वाचून मला हसू आलं होतं. शत्रूला पगार! महिन्याला निदान दोन पत्रं आणि चार कार्डं लिहिण्याची मुभा. आणि या सगळ्याच्या आधी, छावणीत पोचल्यापासून आठवड्याच्या आत, एक कार्ड घरी आणि एक जिनिव्हाच्या मध्यवर्ती कचेरीला. मी पकडला गेलो आहे, तब्येत अशी आहे, पत्ता हा. बस्स, एवढंच.

ही कार्डं तपासून, गठ्ठे बांधून पुढे पाठवणं हे माझं काम.

आता जे सांगतो ते मी फार कमी वेळा सांगितलं आहे. आमच्या आळीतला, माझ्याच वर्गातला एक मुलगा पश्चिम आघाडीवर गेला होता. त्याच्या मरणाचं घरून आलेलं पत्र मला छावणीतच मिळालं. या सैन्यानं पूर्व बंगालमध्ये काय केलं होतं, हेही आम्ही ऐकून होतो. त्या दिवशी एक गठ्ठा माझ्या टेबलावर होता. मी तो ड्रॉवरमध्ये सारला. विसरलो नाही, सारला. कुणी हुकूम दिला नव्हता, कुणी पाहिलंही नाही. मी काही कुणाला मारलं नव्हतं, कुणाची भाकरी तोडली नव्हती. चार दिवस ड्रॉवर उघडला नाही, एवढंच.

पाचव्या दिवशी आमच्या सुभेदारसाहेबांनी रजिस्टर मागितलं. आकडे जुळेनात. साहेब कोल्हापूरकडचे, आवाज चढवायचे नाहीत. ड्रॉवर उघडून त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “लेका, आपलीबी पोरं हैत तिकडं. तिथल्या कारकुनानं असाच ड्रॉवर लावला तर?” शिक्षा काही केली नाही. गठ्ठा त्याच दुपारी गेला. त्या काळात कैद्यांचे निरोप आकाशवाणीवरूनही दिले जात, आणि पलीकडे लोक रेडिओला कान लावून बसत. आज इथे माइकसमोर बसताना ते आठवल्यावाचून राहिलं नाही.

आपली पोरं खरोखरच तिकडं होती. १९७२च्या डिसेंबरात सहाशेच्या आसपास जवान परत आले. आपल्याकडचे बहुसंख्य कैदी मात्र ऑगस्ट १९७३च्या दिल्ली करारानंतर सुटू लागले आणि शेवटचे एप्रिल १९७४मध्ये गेले. लढाई थांबल्यावर विलंब न लावता सोडावं, असं जिनिव्हा करार म्हणतो. शरणागती भारत आणि बांगलादेशाच्या संयुक्त सेनेपुढे झाली होती, तेव्हा बांगलादेशाची संमती हवी, असं आपलं म्हणणं. त्यात तथ्य होतं. पण दोन वर्षांहून जास्त काळ हा काही थोडा नव्हे, आणि बराकीतल्या माणसाला त्यातलं राजकारण सांगून उपयोग नसतो. हे आपण कबूल करावं, असं मला वाटतं.

आणि काही नावं कुठल्याच यादीत आली नाहीत. बेपत्ता ५४ म्हणून ती आपल्याकडे ओळखली जातात. त्यांतले एक वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. ५ डिसेंबर १९७१ला त्यांचं विमान पडलं. पकडलेल्या भारतीय वैमानिकांची नावं पाकिस्तानातल्या एका वृत्तपत्रानं छापली, त्यांत ‘टोंबे’ असं एक नाव होतं. वृत्तपत्रात नाव आलं, कैद्यांच्या यादीत आलं नाही. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. पुढची कित्येक दशकं त्या दारोदार विचारत राहिल्या. २००७मध्ये बेपत्ता जवानांचे चौदा नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंग पाहून आले. हाती काही लागलं नाही. आमच्याकडे यातलं कुणी नाही, असंच तिकडचं सरकार सांगत आलं. तांब्यांचं नाव वाचलं की मला माझा ड्रॉवर दिसतो. तिकडच्या कुठल्या टेबलावर काय झालं, कोण जाणे.

हे केवळ परक्या देशाच्या फौजेपुरतं नाही, बरं का. आपल्या गावातल्या पोलीस चौकीचंही तेच. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली सांगितलं की अटक करताना वेळ आणि तारखेसह पंचनाम्यासारखा कागद करा, त्यावर साक्षीदाराची सही घ्या, नातेवाइकांना कळवा, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी करा. मी तो निकाल वाचला तेव्हा मनात म्हटलं, हे तर आमचंच कार्ड.

कारगिलमध्ये, १९९९ साली, याची उलटी बाजू दिसली. तिथे पडलेले सैनिक आपले नाहीतच, ते मुजाहिदीन आहेत, असं पाकिस्तान सुरुवातीला म्हणत राहिला. कित्येकांना आपल्याच जवानांनी त्यांच्या धर्माप्रमाणे दफन केलं. टायगर हिलवर कॅप्टन कर्नल शेर खान नावाचा पाकिस्तानी अधिकारी अखेरपर्यंत लढून पडला. त्यातला कर्नल हा हुद्दा नव्हे, नावच. आपले ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी त्याचा मृतदेह खाली आणवला आणि खिशात एक चिठ्ठी घालून परत पाठवला. हा फार शौर्यानं लढला, त्याला त्याचं श्रेय मिळावं, अशा अर्थाची. पुढे त्याला निशान-ए-हैदर हा तिकडचा सर्वोच्च सन्मान मिळाला. बाकीच्यांची नावं यायला २०१० उजाडलं. त्या वर्षी पाकिस्तानी सैन्याच्या संकेतस्थळावर मृतांची यादी आली, त्यात ४५३ नावं होती.

ही बातमी मी वाचली तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. सुभेदारसाहेबही तोवर गेले होते. मला आठवलं की त्या गठ्ठ्यातली कार्डं मी कधी मोजली नव्हती. वरच्या कार्डावरचं नाव तेवढं लक्षात आहे. वीस वर्षांचा शिपाई होता, गुजरांवाला जिल्ह्यातला. सहीच्या जागी अंगठा होता.