चार हातांचा कार्बन



भाषेच्या अध्यापकाने हायड्रोकार्बनांवर बोलावे, याचे कुणास नवल वाटेल. मला मात्र या विषयात व्याकरणच दिसते. वर्ण दोनच : कार्बन आणि हायड्रोजन. कार्बनची संयुजा चार, हायड्रोजनची एक. एवढा नियम पाळून असंख्य संयुगे सिद्ध होतात. एका कार्बनभोवती चार हायड्रोजन आले की मिथेन. पुढे साखळी वाढत इथेन, प्रोपेन, ब्युटेन. साखळी लांबते तसा उत्कलनबिंदू चढतो. याच भेदाच्या आधारे आपल्या वडोदऱ्याजवळचा कोयलीचा कारखाना १९६५ पासून खनिज तेलातून पेट्रोल, केरोसीन, डिझेल वेगळे काढीत आला आहे.

‘नव’ आणि ‘वन’ यांत अक्षरे तीच. क्रम पालटला की अर्थ पालटतो. ब्युटेनचे तसेच आहे. चार कार्बन एका ओळीत असतील तर ते शून्याखाली अर्ध्या अंशाला उकळते. फांदी फुटली की तेच घटक शून्याखाली सुमारे बारा अंशांना.

‘संपृक्त’ म्हणजे पुरते जोडले गेलेले : सर्व बंध एकेरी, नव्या हायड्रोजनला जागा नाही. इथिलीन असंपृक्त; त्याचा दुहेरी बंध उलगडतो, रेणू रेणूला जोडला जातो आणि पॉलिथीन घडते. हा शब्द ज्याने नुसता घोकला, त्याचे रसायनशास्त्र परीक्षेबरोबर संपते. ज्याला तो उमगला, त्याला पुढची वाट आपोआप दिसते.

म्हणून माझे मागणे एवढेच : माध्यम कोणतेही असो, वर्गात संज्ञेआधी अर्थ पोहोचावा. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो, त्यांना याहून उचित आदरांजली मला सुचत नाही.