नवा गेम कन्सोल, जुनाच टीव्ही

चाकण, महाळुंगेकडं कंपनीत लागलेली आपली मुलं हप्त्यावर गेम कन्सोल घेतात. डिस्कवाला प्लेस्टेशन 5 भारतात फेब्रुवारी 2021 मध्ये आला तो 49,990 रुपयांना. मग घरात सूर निघतो, ‘आता फोरके टीव्ही पाहिजे.’ आणि आई बचत गटाकडं कर्ज मागते.

थांबा जरा. आपला फुल एचडी टीव्ही सुमारे 21 लाख ठिपक्यांत चित्र दाखवतो, फोरके 83 लाखांत. ताकदवान कन्सोल बऱ्याच खेळांत मोठं चित्र आतच तयार करतो आणि चार ठिपक्यांचा एक करून जुन्या टीव्हीला देतो. मोठी रांगोळी लांबून कशी रेखीव दिसते, तसंच. कडा दातेरी दिसत नाहीत. जुन्या कन्सोलपेक्षा खेळही कमी अडखळतो.

फोरकेइतका बारकावा मात्र येत नाही, हे मुलाला खरं सांगा. जुन्या डब्बा टीव्हीला तर एचडीएमआयची जागाच नसते, त्याला कन्सोल सरळ जोडता येत नाही.

टीव्हीसाठी कर्जाचा अर्ज आला, की आम्ही आता पहिलं हेच विचारतो: ताई, टीव्हीच्या मागं एचडीएमआय आहे का, बघितलंत?